तुम्ही विचारलंत म्हणून: उडतं विमान का नाही घेतलं?

मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, भिशीला, आणि परवा तर दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा हाच प्रश्न आला. "एवढे पैसे आणि एवढी वर्षं घातलीस, त्यात उडतं विमान नसतं का आलं?"

आलं असतं. हे एकदा स्वच्छ लिहून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. कागदपत्रं पूर्ण असलेलं, आज घेतलं तर उद्या उडवता येईल असं एरॉन्का चीफ, म्हणजे मी सगळं सुटं करून पुन्हा बांधतेय तसलंच छोटं जुनं विमान, बाजारात मिळतं. माझे आजवर जेवढे गेले तेवढ्यात ते येऊन वर दोन-तीन वर्षांचं पेट्रोलही भागलं असतं. सहा वर्षं झाली, माझं चीफ अजून जमिनीवरच आहे. हिशोब चुकला म्हणायचं असेल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. पण "हौस आहे हो तिला" म्हणून विषय मिटवता, ते मात्र लागतं. हौस पहिल्याच हिवाळ्यात संपली. बिनहीटरच्या हँगरमध्ये, सांगाड्याच्या नळ्यांवरचा गंज घासताना. त्यानंतर जे चाललंय ते हौसेवर चाललेलं नाही.

आधी मी या प्रश्नाला मामाची गोष्ट सांगायचे. मामा जुहूला फ्लाइंग क्लबच्या पुष्पक विमानांवर कापड चढवायचा. घरी आला की त्याच्या शर्टाला डोपचा, म्हणजे त्या कापडावर द्यायच्या लेपाचा, वास यायचा, पिकलेल्या केळ्यांसारखा. हे पुष्पक म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. वि. मा. घाटग्यांच्या हाताखाली एचएएल या सरकारी विमान कारखान्यात तयार झालेलं, 1958 मध्ये पहिल्यांदा उडालेलं विमान. आणि ते बेतलं होतं याच चीफवरून. शेजारी शेजारी दोन सीट, वर पंख, पंखाला खालून तिरका टेकू देणारे स्ट्रट. पुष्पकाला 90 हॉर्सपॉवरचं इंजिन, माझ्याला 65 चं, एवढं सोडलं तर लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. माझं चीफ 1946 चं, इथे ओहायोतच, मिडलटाउनच्या कारखान्यात बनलेलं. त्या एका वर्षात अमेरिकेत तीस हजारांहून जास्त छोटी विमानं बनली होती. युद्धावरून परतलेला प्रत्येक जण विमान घेईल असा सगळ्यांचा अंदाज होता, आणि पुढच्याच वर्षी तो बाजार कोसळला. मी राहते तिथून मिडलटाउन पाऊण तासावर. म्हणजे गोष्ट सगळी जुळून येते. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणूनच मी ती सांगणं बंद केलं. गोष्ट खरी आहे, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. मामाची आठवण उडत्या चीफमध्येही आली असती.

मग दुसरं उत्तर होतं. ते मी छाती पुढे काढून द्यायचे: "उडत्या विमानाच्या कापडाखाली काय आहे ते कोणाला माहीत? मी माझ्या विमानाचा एकेक तुकडा हातात घेऊन पाहिलाय." या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगते. आजवर हे फक्त तिघांना माहीत होतं.

चीफच्या प्रत्येक पंखात लाकडाचे दोन स्पार असतात, एक पुढे, एक मागे. स्प्रूसच्या लांबच लांब फळ्या. पंखाचा सगळा भार त्यांच्यावर. त्यांवर अॅल्युमिनियमच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, ओवलेल्या, आणि सगळ्यावर पॉलिएस्टरचं कापड. कापड चिकटवायचं, मग इस्त्रीने तापवून आवळायचं. आधी 250 अंश फॅरनहाइट, शेवटी 350, त्याच्या वर अजिबात नाही. नीट आवळलं की टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं वाजतं. डावा पंख मी स्वतः झाकला होता. कापडावर पहिला लागणारा गुलाबी थर झाला, उन्हापासून कापड वाचवणारा चंदेरी थर झाला, फक्त रंग बाकी होता.

त्या शनिवारी पंख ज्या लाकडी घोड्यांवर टेकवला होता त्यांवरून भिंतीजवळच्या स्टँडवर न्यायचा होता. दोघांचं काम. शेजारच्या हँगरमधला मुलगा दहा मिनिटांत येतो म्हणाला होता. मी थांबले नाही. मुळाकडची बाजू उचलली आणि टोकाकडची बाजू घोडीवरून सरकली. अडीच-तीन फुटांवरून टोक काँक्रीटवर पडलं. आवाज फार मोठा नव्हता. गव्हाचं पोतं टाकल्यासारखा, ढब्ब. मी वाकून पाहिलं. टोकाशी दोन बोटांएवढा चंदेरी रंग खरवडला होता. बाकी काही नाही. मुलगा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "ये, धर तिकडून." खरवडलेल्या जागी ब्रशने चंदेरी लावलं. हात सुद्धा थरथरला नाही.

अकरा दिवस मी कोणाला सांगितलं नाही.

इथला नियम असा की मालकाला आपल्या विमानावर काम करता येतं, पण परवाना असलेल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली, आणि शेवटची सही त्याची. माझे मेकॅनिक पंचाहत्तरीचे आहेत. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणते. लाकडी स्पारचं पहिलं भय त्यांनीच शिकवलं होतं: पंखाचं टोक कुठे आपटलं की स्पारमधले तंतू आतल्या आत दबून मोडतात. लाकूड दुभंगत नाही, चीर उघडत नाही, नख फिरवलं तर लागत नाही. तंतूंना आडवी, केसासारखी एक रेघ, तीही उजेड तिरका पडला तरच दिसते. असा स्पार हवेत भार आल्यावर मोडू शकतो. हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी गप्प बसले. त्या अकरा दिवसांत काका दोनदा येऊन गेले आणि मी त्यांना चहा करून दिला.

का गप्प बसले? कापड वाया जाईल म्हणून, हे एक. पण त्याहून मोठं कारण, मला "हौशी बाई" हे त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बाराव्या दिवशी सांगितलं ते धैर्य आलं म्हणून नव्हे. झोप येत नव्हती म्हणून. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "किती उंचीवरून?" आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि काडीवरचा आरसा घेऊन आले.

स्ट्रट जिथे स्पारला धरतो तिथे लाकडाला प्लायवुडची पट्टी जोडलेली असते. तिच्या टोकाजवळ कापडावर गोल रिंग चिकटवून त्यांनी रिंगच्या आतलं कापड कापलं, आत डोकावायला. टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून धरला. बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता आरसा माझ्या हातात दिला. प्लायवुडच्या कडेपासून पाऊण इंचावर होती. साडीची घडी मोडल्यावर जशी फिकी रेघ राहते, तशी. बोटभर लांब.

पंखाचं सगळं कापड मीच काढलं. चार महिन्यांचं काम दोन तासांत उतरलं.

मला वाटलं, निदान शिक्षा झाली, सुटले. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. विमानाच्या लॉगबुकात 1961 ची एक नोंद आहे: डाव्या पंखाचं टोक दुरुस्त केलं. बहुतेक उतरताना विमान गर्रकन फिरून टोक जमिनीला लागलं असावं. ती नोंद मी पहिल्याच वर्षी वाचली होती. स्पार उघडे असताना त्याच जागी आरसाही फिरवला होता, जुनं वार्निश खरवडून नवं चढवलं होतं, काकांना "ठीक आहे" म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. मग ही रेघ कधीची? माझी की 1961 ची? वरचं नवं वार्निश अखंड होतं, म्हणजे रेघ आधीची असं मी म्हटलं. काका म्हणाले, ताजं वार्निश लवचिक असतं, आतलं लाकूड दबलं तरी ते तसंच राहू शकतं. स्पारचा तो तुकडा घेऊन आम्ही तासभर उन्हात उभे होतो. ठरलं नाही.

माझी असेल, तर मी विमान मोडलं आणि लपवलं. जुनी असेल, तर पंख हातातून पडला म्हणूनच ती सापडली, आणि नसता पडला तर याच पंखाखाली बसून मी उडाले असते, शेजारच्या सीटवर कोणाला तरी घेऊन. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. पण "मी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिलाय" हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघालेलं नाही. पाहिला होता, हे खरंच आहे.

मग उडतं का नाही घेतलं, आणि आता तरी हे विकून का नाही टाकत? माझ्या नवऱ्यानेही एकदा विचारलं, अगदी शांतपणे. पहिल्या वर्षातली मी म्हणाले असते, स्वतःच्या हाताने केल्याची सर दुसऱ्या कशाला नाही. तिला आता मी विचारते, तुझ्या हाताने काय केलं ते आठव. तरीही विकावंसं वाटत नाही. विकत घ्यायला येईल त्याला या पंखाबद्दल सगळं सांगायला हवं, आणि उजव्याबद्दल काय सांगू?

नवा स्पार आलाय, सरळ तंतूंचा स्प्रूस. काकांनी फॉर्म भरले, आम्ही दोघांनी मिळून तो बसवला, डावा पंख आता पुन्हा गुलाबी थरापर्यंत आलाय. उजवा मात्र आधीच पूर्ण झालेला आहे, रंगासकट. तो पडलेला नाही, लॉगबुकात त्याच्याबद्दल काही नाही, काका सही करायला तयार आहेत. पण त्याचे स्पार ज्या डोळ्यांनी तपासले ते डोळे माझेच आहेत, आणि त्याच महिन्यातले.

म्हणून गेल्या शनिवारी उजव्या पंखाला खालून चार रिंगा चिकटवल्या. रंगलेल्या कापडावर, पिवळ्यावर. एकीच्या आतलं कापड ब्लेडने कापलं, टॉर्च टेकवला, आरसा फिरवला. दर काही मिनिटांनी हात बदलत अर्धा तास पाहिलं. रेघ दिसली नाही. काकांना बोलावून त्यांनाही दाखवलं, त्यांनाही दिसली नाही. तीन रिंगा अजून कापायच्या आहेत.