दूरच्या मार्गदर्शिका आणि पुण्याचे हौद

ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणाबद्दल पुण्यात अजूनही एक शंका हमखास विचारली जाते. व्याख्याने, स्वाध्याय, परीक्षा हे सारे संगणकावर होईलही, पण प्रबंधिका (डिझर्टेशन) कशी लिहिणार? मार्गदर्शक समोर नसेल तर संशोधन शिकवणार कोण? ज्या शहरात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि जिथे जाणत्या माणसाशेजारी बसून कागद वाचायला शिकण्याची परंपरा आहे, तिथे ही शंका रास्तच म्हटली पाहिजे. नोकरी सांभाळून एका ब्रिटिश विद्यापीठाची इतिहासातील एम.ए. ऑनलाइन करताना मी प्रबंधिका लिहिली. त्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की मार्गदर्शक दूर असल्यामुळे संशोधनाचे एक अंग उलट अधिक कसून शिकता येते, आणि ते अंग म्हणजे लेखन. समोरासमोरच्या भेटीत जे हातवाऱ्यांनी, अर्ध्या वाक्यांनी आणि टेबलावर पुढे सरकवलेल्या कागदाने भागते, ते सगळे इथे पूर्ण वाक्यांत मांडावे लागते; आणि पूर्ण वाक्यात मांडता येत नाही ते अजून आपल्यालाच कळलेले नसते.

आधी थोडे व्यवस्थेबद्दल. ब्रिटनमधील एम.ए. पदवी १८० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते आणि त्यांतील ६० श्रेयांक बहुधा प्रबंधिकेचे असतात. एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे प्रबंधिकेसाठी ६०० तास झाले. त्यांतले मार्गदर्शनाचे तास अगदी थोडे असतात, आणि ते प्रत्यक्ष वर्गात शिकणाऱ्यांनाही तेवढेच मिळतात. बाकीचा सगळा वेळ विद्यार्थी एकटा असतो, मग तो लंडनमध्ये असो वा सदाशिव पेठेत. हे गणित आधी कळले तर 'ऑनलाइनला मार्गदर्शन नसते' या तक्रारीतला बराच भाग आपोआप गळून पडतो. भेटीची वेळ मात्र सांभाळावी लागते. तिकडचे दुपारचे दोन म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात; मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे पुढे सरकली की तेच साडेसहा होतात, आणि ऑफिसातून निघून घरी पोहोचण्याचे सगळे वेळापत्रक बदलावे लागते.

माझा विषय पुण्यातील हौदांचा होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावांचे पाणी बंदिस्त दगडी नळातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले आणि पेठापेठांतल्या हौदांत ते खेळवले गेले. पुढे १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि शहराच्या पाण्याचा मुख्य आधार हळूहळू बदलला. अभियांत्रिकीच्या अंगाने या दोन्ही योजनांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला पडलेला प्रश्न वेगळा होता: घराघरांत नळ आल्यानंतरही हौद का टिकून राहिले?

हा प्रश्न इतका आटोपशीर होण्याआधी माझ्या पहिल्या आराखड्याचे शीर्षक 'पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास' असे होते. ब्रिटनमधल्या माझ्या मार्गदर्शिकांनी त्यावर समासात एवढेच लिहिले होते की हे पुस्तकाचे शीर्षक आहे, प्रश्न नव्हे. ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते असे एक वाक्य लिहून पाठवा. त्या एका वाक्यासाठी आमच्यात बरीच ईमेल झाली. प्रत्येक वेळी त्या विचारत: हे सिद्ध करायला कोणता कागद लागेल? तो कागद अस्तित्वात आहे का? असल्यास तुम्ही तिथवर पोहोचू शकता का? संशोधनाचा आराखडा म्हणजे आपली महत्त्वाकांक्षा आणि आपल्या हाताशी येणारी साधने यांचा करार असतो, हे मला या पत्रव्यवहारात उमगले. पंधरा हजार शब्दांच्या मर्यादेत काय मावते, याचा अंदाजही त्यातूनच आला.

खरी गंमत पुढे सुरू झाली, कारण माझी साधने पुण्यात होती आणि मार्गदर्शिका तिकडे. ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या दप्तरांची त्यांना खडानखडा माहिती होती, पण पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. तिथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि रुमालातल्या सुट्या कागदाचा संदर्भ तळटीपेत कसा द्यायचा, याचे उत्तर विद्यापीठाच्या संदर्भलेखनाच्या पुस्तिकेत नव्हते. मी दप्तराचे नाव, रुमालाचा क्रमांक, कागदाचा क्रमांक, आणि तारीख असल्यास मूळ कालगणनेतली व तिची इसवी सनातली बरोबरी, असा एक साचा सुचवला. त्यांनी तो दुरुस्त करून मान्य केला आणि पूर्ण प्रबंधिकेत तोच पाळायचा असे बजावले. संदर्भ व्यवस्थापनासाठी मी झोटेरो ही संगणक प्रणाली वापरत होते. देवनागरीतील नावे आणि रोमन लिपीतील नावे एकाच सूचीत आली की वर्णक्रमाचा गोंधळ होतो, म्हणून मराठी साधनांचा वेगळा संग्रह पहिल्यापासून ठेवणे शहाणपणाचे ठरले. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते, कारण शेवटच्या आठवड्यात हे काम करणे फार त्रासदायक असते.

मार्गदर्शिकांना कागद दिसत नाही आणि लिपीही येत नाही, म्हणजे पुराव्याचा प्रत्येक तुकडा त्यांच्यापर्यंत माझ्याच शब्दांतून पोहोचणार. इथे आमची एक पद्धत ठरली. भेटीच्या दोन दिवस आधी मी एक पान पाठवायचे: काय वाचले, त्यातून काय मिळाले, त्यामुळे आधीच्या मांडणीत काय बदलते आणि कुठे अडले आहे. भेट झाल्यावर काय ठरले ते मीच लिहून पाठवायचे, आणि त्यांनी ते तपासून होकार द्यायचा. हे टिपण म्हणजे कार्यालयीन सोपस्कार आहे असे सुरुवातीला कोणालाही वाटेल. परंतु आज प्रबंधिकेतील जे परिच्छेद मला सर्वांत पक्के वाटतात, त्यांची मुळे याच एकपानी टिपणांत आहेत. उदाहरणार्थ, १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा आहे आणि त्याच्या तीन भागांत शहराच्या पाण्याची तपशीलवार माहिती मिळते. ती मी टिपणात जशीच्या तशी गोळा केली होती. मार्गदर्शिकांचा प्रश्न आला: हे लिहिणाऱ्याला हौदावर कोण पाणी भरते हे दिसत होते, की फक्त पाणी किती येते हे? त्या प्रश्नानंतर मी गॅझेटियर पुन्हा वाचले, आणि माझे दुसरे प्रकरण संपूर्णपणे निराळ्या दिशेने गेले.

ती दिशा म्हणजे हौदावर कोणाला येऊ दिले जात होते, हा प्रश्न. पुण्यात राहून हौदांबद्दल लिहायचे आणि महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, या घटनेला ओझरता उल्लेख देऊन पुढे जायचे, हे मला मुळीच मान्य नव्हते. डॉ. विश्राम घोले यांनी मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौदही याच प्रवाहातला आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केलेला ठराव सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे म्हणतो. चारच वर्षांनी महाडला सत्याग्रह करावा लागला, यावरून कागदावरचा ठराव आणि पाणवठ्यावरचा व्यवहार यांतले अंतर समजते. मार्गदर्शिकांना हा सगळा संदर्भ नवा नव्हता, पण पेठांचा भूगोल नवा होता. गंज पेठ कुठे, शनिवार पेठ कुठे, कोणता हौद कोणत्या वस्तीच्या वाटेवर, हे त्यांना समजावे म्हणून मी नकाशा काढला, आणि तो नकाशाच पुढे तिसऱ्या प्रकरणाचा कणा झाला. हा भूगोल आधीच माहीत असलेल्या पुण्यातल्या मार्गदर्शकापुढे मी तो नकाशा काढलाच नसता.

शेवटच्या प्रकरणासाठी जुन्या रहिवाशांच्या मुलाखती हव्या होत्या. विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीची परवानगी मिळेपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही, असा नियम होता. माहितीपत्रक आणि संमतिपत्र इंग्रजीबरोबर मराठीतही सादर करावे लागले. शनिवार पेठेतल्या एका आजींनी संमतिपत्र हातात घेऊन विचारले, "अगं, आम्ही पाणी कुठून भरलं हे सांगायला सही कशाला हवी?" त्यांचा मुलगा लगेच म्हणाला, "द्या ताई इकडे, आईच्या वतीने मी करतो." तसे चालत नव्हते, आणि चालू नये असेच माझेही मत आहे, आठवण आजींची, तर परवानगीही त्यांचीच हवी. मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवले, त्यांनी दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला आणि ध्वनिमुद्रणावर आपल्या तोंडाने होकार दिला. समितीने तोंडी संमतीची ही सोय आधीच मान्य केली होती. दुसऱ्या देशातील नियम आपल्या वाड्यांत जाचक वाटतात खरे, परंतु घरातल्या वृद्ध बाईला स्वतंत्रपणे विचारायला लावणारा नियम मला मोलाचा वाटला.

मुलाखतींत १२ जुलै १९६१ हा दिवस सगळ्यांच्या बोलण्यात आला. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले, आणि नळाचे पाणी बंद पडल्यावर विहिरी व हौद यांच्याकडे लोक पुन्हा वळले, ही आठवण एकमुखाने सांगितली गेली. माझ्या प्रश्नाचे उत्तर अलगद हाती आले असे मला वाटले. मार्गदर्शिकांनी मात्र मुलाखतींचे प्रतिलेख (शब्दशः उतारे) वाचून लिहिले की आपत्तीतली आठवण नेहमीच्या वर्षांवर पसरते. १९६१ चा उल्लेख येण्याआधी त्या व्यक्तीने हौदाबद्दल काय सांगितले, तेवढेच वेगळे काढून पाहा. तसे पाहिले तेव्हा धुणे, भांडी, जनावरे, बांधकाम, आणि प्यायला मात्र नळ, असा रोजचा व्यवहार समोर आला. दोन्ही प्रकारची साक्ष मी ठेवली, पण तिच्यातला भेद उघड करून.

या साऱ्यात ऑनलाइन व्यवस्थेची उणीवही आहे आणि ती झाकू नये. कागद हातात धरून "हे अक्षर काय?" असे विचारायला कोणी नसते. त्यासाठी मला पुण्यातच आधार शोधावा लागला. मोडी शिकवणारे एक काका अडलेल्या ओळी वाचून देत, आणि १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांतले अनुभवी कर्मचारी कुठला खंड कुठे सापडेल ते सांगत. शासकीय अभिलेखागाराची वेळ आणि नोकरीची वेळ एकच, त्यामुळे रजा त्या हिशेबाने साठवावी लागली. विद्यापीठ दूर असले तरी आपल्या गावातली माणसे आपणच जोडायची असतात, आणि हे काम आराखडा मंजूर होण्याच्या आधीपासून सुरू केलेले बरे.

पूर्ण खर्डा पाठवल्यावर मार्गदर्शिकांची शेवटची मोठी टिपणी समारोपाच्या प्रकरणावर आली. नगरपालिकेचे आणखी एखादे दप्तर उद्या उघडले, तर तुमच्या विधानांपैकी कोणते सर्वांत आधी कोसळेल, असे त्यांनी विचारले होते. मी बराच विचार करून उत्तर दिले की हौद टिकले ते मुख्यतः धुण्या-भांड्यांच्या पाण्यामुळे, हे विधान मुलाखतींवर उभे आहे आणि दुरुस्तीच्या खर्चाची नोंद सापडली तर ते बदलू शकेल; पेठांनुसार हौदांवरील प्रवेश वेगवेगळा होता, हे विधान मात्र तीन स्वतंत्र प्रकारच्या साधनांवर उभे आहे. त्यांनी सांगितले की हा परिच्छेद ईमेलमध्ये ठेवू नका, समारोपात पहिल्याच पानावर घाला. तो तिथे आहे.