बंदूक अठराव्या वर्षी, पेला पंचविसाव्या

माझा भाचा अग्निवीर म्हणून भरती झाला तेव्हा त्याला नुकतेच अठरावे लागले होते. गेल्या महिन्यात तो सुट्टीवर आला. रात्री ओसरीवर बसून बुटांचे पॉलिश करता करता त्याने हसत विचारले, "मामा, सीमेवर मी उभा राहिलो तर चालते, मग इथल्या दारूच्या दुकानात मला वय का विचारतात?"

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे, गोव्यात मात्र 21 पुरेत. 2022 पासूनच्या अग्निपथ योजनेत साडेसतराव्या वर्षी भरती होता येते आणि सेवा चार वर्षांची असते; म्हणजे एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगासुद्धा गणवेश उतरवून घरी येतो तेव्हा राज्याच्या लेखी कडक दारूसाठी लहानच असतो.

मग सैनिकांसाठी ही वयाची अट शिथिल करावी का? लष्कराला सवलत देणे ही काही नवी गोष्ट नाही, कारण मुंबईच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यातील सैनिकी मेस व कॅन्टीनसाठीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये बलसारा खटल्यात वैध ठरवली होती. मला मात्र गणवेशासाठी वेगळे वय ठरवणे पटत नाही. मेसमध्ये वरिष्ठांची नजर असते, गावच्या नाक्यावर ती नसते. शिवाय यकृताला हुद्दा कळत नाही. पंचविसाची अट सर्वांसाठीच एकवीसवर आणावी, असे माझे मत आहे.

भाच्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मला प्यायची नाहीच, मी फक्त विचारले."