मालवणच्या पेठेतलं आमचं कापडाचं दुकान : आमची वाटचाल

मालवणच्या बाजारपेठेत हे दुकान आजोबांनी टाकलं. तेव्हा फक्त ठाणं, म्हणजे कापडाचे तागे, असायची. मांजरपाट, लठ्ठा, पॉपलीन, खण, आणि एका भिंतीला नऊवारी लुगडी. माल मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातून भरायचा. गिऱ्हाईक म्हणजे पेठेतली घरं, दांडी-धुरीवाड्यातले मच्छीमार आणि मसुरं, आचरा, कट्टा भागातले शेतकरी. जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस गिरणगावात कामाला. त्याची मनीऑर्डर आली की घरची बाई दुकानात यायची, मागचं थोडं फेडायची आणि नवं थोडं लिहून जायची. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. आजोबांनी त्या वर्षी कुणाचंही खातं बंद केलं नाही. बाबा तेव्हा नुकतेच गल्ल्यावर बसू लागले होते. त्या गणपतीत रोख जवळपास आलीच नाही, पण माल दिला, असं ते सांगतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे दुकान अडचणीत आलं तेव्हा सगळ्यात आधी परत आली ती हीच घरं.

अडचण हळूहळू आली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. रात्री दादरला गाडीत बसलेला चाकरमानी सकाळी कणकवली-कुडाळला उतरू लागला, आणि येताना घरच्यांचे कपडे दादरहूनच घेऊन येऊ लागला. लग्नाचा बस्ता बेळगाव नाहीतर कोल्हापूरला बांधायची पद्धत पडली. तरुण पोरं म्हापशाला जाऊन जीन्स आणू लागली. मग मोबाईल आला. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांनी कधी घरबसल्या काही मागवलं नव्हतं त्यांनीही मागवून पाहिलं, आणि ती सवय राहिली. त्यातच 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. आमचे मागचे पत्रे उडाले, खालच्या फळीवरचा माल भिजला, वीज कित्येक दिवस नव्हती. तो पावसाळा संपेपर्यंत काही दिवस भवानीसुद्धा झाली नाही.

त्या वर्षी पेठेत बऱ्याच दुकानांवर सेलच्या पाट्या लागल्या. आम्ही लावली नाही. हिशेब साधा आहे. शंभर रुपयांच्या नगावर पंचवीस सुटत असतील आणि तुम्ही दहा टक्के सूट दिलीत, तर हातात उरतात पंधरा. तेवढीच मिळकत राखायला तीन नगांच्या जागी पाच नग विकायला हवेत. गिऱ्हाईकच कमी आलेलं असताना हे पाच घेणारं कोण? शिवाय भावाच्या शर्यतीत आपल्यासमोर मोबाईलवर विकणाऱ्या, भिवंडीत गोदामं असलेल्या कंपन्या उभ्या. त्यांच्याशी आपण भावावर भिडायचंच नाही, हे बाबांचं आणि माझं ठरलं.

मग भिडायचं कशावर, हे माझ्या बायकोने शोधलं. तिने गल्ल्याशेजारी एक शंभरपानी वही ठेवली. जे मागितलं गेलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते त्यात लिहायचं. मागणाऱ्याचं गाव आणि ते कशासाठी हवं होतं हेही लिहायचं. विकलेल्याची नोंद प्रत्येक दुकानदार ठेवतो. न विकलेल्याची कुणी ठेवत नाही, कारण ती बिलात येत नाही. गणपती ते तुळशीचं लग्न एवढ्या काळात ती वही भरत आली.

वाचली तेव्हा आम्हाला नवल वाटलं. ‘महाग आहे’ म्हणून परत गेलेली माणसं त्यात फारच थोडी होती. बाकी सगळं हे: जाड अंगाच्या बाईच्या मापाचा सुती गाऊन. पूजेला बसणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचं शिवलेलं धोतर. मऊ सुती पंचा, पॉलिस्टरचा नको. गौरीला नेसवायची लहान साडी. मखरामागे लावायचा एकरंगी पडदा, मीटरवर. शाळेची पांढरी पँट, पण जूननंतर, कारण पोर पावसात घसरलं आणि फाटली. भजनी मंडळाला एका रंगाचे सदरे, लहानमोठ्या मापांत. आचऱ्याच्या एका काकींनी तर बायकोला सरळच सांगितलं होतं, “माझ्या मापाचा तुमच्याकडे कधी गावणा नाय. मोबाईलार मागवतंय, नि परत धाडतंय.”

म्हणजे माणसं आमच्यावर रागावून गेली नव्हती. ती आली होती, त्यांना वस्तू मिळाली नाही, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोण कशाला पायऱ्या चढेल! माझं म्हणणं एवढंच आहे. गिऱ्हाईक परत आणायचं तर ‘नाही’ म्हणून पाठवलेल्या माणसापासून सुरुवात करावी. तो लांबचा नसतो, तो दारातून गेलेला असतो.

त्यासाठी आधी पैसा मोकळा करावा लागला. फळ्यांवर पडून राहिलेला माल, तुटलेल्या साईझचे शर्ट आणि रंग उतरलेली कटपीसं खरेदीच्या भावात, काही त्याखालीही काढून टाकली. गोधड्या आणि कापडी पिशव्या शिवणाऱ्या बचतगटाच्या बायकांनी त्यातली बरीच उचलली. जो पैसा सुटला त्यातून नवी फॅशन नाही आणली. आहे त्याच वस्तू सगळ्या मापांत आणल्या. गाऊनचे रंग कमी केले, पण मापं पूर्ण ठेवली. पुरवठादारांना सांगितलं की पूर्ण सेट नको, जे माप संपेल तेवढंच द्या. काहींनी नकार दिला. दोघांनी मान्य केलं, भाव किंचित वर लावून, आणि तो आम्ही आनंदाने देतो. पडून राहिलेल्या नगापेक्षा तो स्वस्तच पडतो.

आता मिठाच्या पाण्याबद्दल. हे मला आवर्जून सांगायचं आहे.

मासळी विकणाऱ्या बायका कापडाच्या सगळ्यात कडक परीक्षक. दिवसभर खाऱ्या पाण्यात, बर्फात, उन्हात ती साडी राहते आणि रात्री धुवावी लागते. दांडीवरच्या एक मावशी साडी घेताना काय करतात ते मी लहानपणापासून पाहतोय. पदर बघतच नाहीत. आतल्या बाजूची किनार दोन बोटांत धरतात, अंगठा जिभेला लावतात आणि काठावर जोरात घासतात. मग अंगठा उजेडात धरून बघतात. एकदा मी म्हटलं, मावशे, रंग पक्का आहे. त्या म्हणाल्या, “तू सांगतंस ता ऱ्हवांदे. पाण्यात घालून दाखव.”

ती गोष्ट आम्ही मनावर घेतली. आता रोजच्या वापराच्या गडद रंगाच्या सुती साड्यांचा नवा गठ्ठा आला की प्रत्येक रंगाच्या ब्लाउजपीसच्या कडेची बोटभर पट्टी कापतो, पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळतो आणि मिठाच्या पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवतो. सकाळी वाळवून दोन्ही तुकडे त्या रंगाच्या साड्यांजवळ टाचणीने लावतो. मांजरपाट लाल झाला असेल तर तोही तसाच लावतो, आणि ती साडी रोजच्या कामासाठी विकत नाही. मरून आणि काळ्या रंगात हे जास्त होतं. खराब निघालेला माल परत घ्यायला पुरवठादारही आता कुरकुर करत नाहीत, कारण तुकडा समोर असतो. मावशींनी तो टाचणीचा तुकडा पाहिला, हाताने चाचपला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आल्या. कुठल्याही जाहिरातीने एवढी माणसं आणली नसती.

बस्त्याचं कोडं वेगळं होतं. नवरीचा शालू बेळगावला घ्यायचा ही हौस आहे, तिच्याशी भांडण नाही. आमच्यासारख्या दुकानाला तेवढे शालू ठेवताही येणार नाहीत. पण बस्त्यातला खरा त्रास असतो मानपानाचा. कुठल्या आत्याला साडी, कुठल्या मामाला टॉवेल-टोपी, किती ब्लाउजपीस, किती उपरणी, देवाला काय, मानकऱ्यांना काय. बेळगावच्या गर्दीत संध्याकाळच्या गाडीच्या घाईत हे सगळं निवडायचं म्हणजे हमखास कुणीतरी राहतं, आणि लग्नात त्यावरून रुसवे होतात. हा भाग आम्ही उचलला. घरातली दोन मोठी माणसं यादी घेऊन दुपारी बसतात, चहा होतो, नाती उलगडतात. प्रत्येक नग नावाच्या चिठ्ठीसकट बांधून देतो. ऐनवेळी पाहुणे वाढले तर पाच-दहा नग जास्तीचे बरोबर देतो. घडी न मोडलेले लग्नानंतर आठ दिवसांत परत घेतो, पूर्ण पैशांत. बेळगावहून आणलेल्या शालूचा फॉल-पिकोही आम्हीच करून देतो, हसतमुखाने. मुलीची आई ते लक्षात ठेवते.

फॉल-पिको आणि ब्लाउज यांच्याबाबत एक नियम फार कडक पाळतो. दिलेली तारीख चुकवायची नाही. गणपतीच्या आधी अमुक दिवसानंतर ब्लाउज शिवायला घेत नाही, कितीही ओळखीचं माणूस असलं तरी. पहिल्या वर्षी काहीजणी नाराज झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या आधीच आल्या.

दिवाळीनंतर दशावताराचा हंगाम सुरू होतो आणि जत्रांना रात्रभर नाटकं रंगतात. त्या मंडळींना मखमल, जरीकाठ, चमकत्या रंगाची साडी लागते. दिव्याखाली लांबून उठून दिसेल असा रंग हवा, पोत दुय्यम. मखमलीची ठाणं आजोबांच्या काळी दुकानात असायची, मध्ये बंद झाली होती, ती पुन्हा ठेवली. आंगणेवाडीच्या जत्रेआधी ओटीचे खण आणि ब्लाउजपीस वेगळ्या फळीवर काढतो, म्हणजे घाईतल्या माणसाला दोन मिनिटांत देता येतात.

पर्यटकांसाठी दुकान बदलावं असं अनेकांनी सुचवलं. तारकर्ली-देवबागला गर्दी वाढली आहे हे खरंच. पण पर्यटक पावसाळ्यात नसतो आणि आम्हाला बारा महिने दुकान चालवायचं आहे. त्यांच्यासाठी दाराजवळ एकच फळी आहे: चटकन वाळणारे टॉवेल, हाफ पँट, सुती टोप्या, लहान मुलांचे कपडे. समुद्रात भिजून आलेल्या कुटुंबाला एवढंच लागतं.

वेळेबद्दल मात्र सगळ्या पेठेने विचार करावा असं मला मनापासून वाटतं. दुपारी एक ते चार शटर ओढायची आपली जुनी सवय. पण गावाहून सकाळच्या एसटीने आलेली बाई बँक, दवाखाना, पंचायत समिती उरकून दुकानात येते तेव्हा एक वाजत आलेला असतो, आणि तिची परतीची गाडी दुपारची असते. बंद शटर बघून ती परत जाते आणि लेकाला मोबाईलवर मागवायला सांगते. आम्ही पाळ्या लावल्या आणि दुपारी उघडं ठेवलं. मापं जुळवल्यानंतर सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला, असं मी म्हणेन. आमच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानानेही आता तेच केलं आहे.

उधारी बंद केलेली नाही, फक्त तिला इथल्या कमाईचं वेळापत्रक दिलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात होडीवाल्याच्या घरी वसुलीला फोन करण्यात अर्थ नाही. त्यांचा हिशेब दसऱ्याला. आंबा-काजूवाल्यांचा मेअखेर. प्रत्येक घराची मर्यादा ठरलेली, ती उधारीच्या वहीत दोघांच्या सहीने. बुडालेली रक्कम फार थोडी आहे, आणि जी बुडाली ती बहुतेक आजारपणापायी.

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर अडीच हजारांपर्यंत पाच टक्के जीएसटी झाला. आधी हजाराच्या वरच्या कपड्यांना बारा टक्के लागायचा. आमचे बहुतेक तयार कपडे याच टप्प्यात बसतात, त्यामुळे हजार ते अडीच हजारांतल्या कपड्यांची बिलं हलकी झाली. तो फरक पूर्णपणे गिऱ्हाइकाला दिला आणि जुन्या-नव्या दोन्ही किमती चिठ्ठीवर लिहून ठेवल्या, म्हणजे विचारावं लागत नाही.

दुकान आज आजोबांच्या वेळेसारखं भरलेलं नसतं, पण महिन्याचा मेळ बसतो आणि कामाला असलेल्या दोघी मुलींचा पगार वेळेवर होतो. वही चालूच आहे. सध्या तिच्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद आहे ‘ब्लाउज तातडीने शिवून हवा’. म्हणून मागची खोली रिकामी करून तिथे दोन शिलाई यंत्रं बसवतोय. आचऱ्याच्या दोघीजणी यायला तयार आहेत. त्यांची गाडी सव्वानऊला पोचते, तेव्हा काम साडेनऊला सुरू होईल, आणि संध्याकाळच्या गाडीच्या आधी संपेल.