सोमवारचा रकाना

सकाळी मेसेज आला: "मॅडम, आपलं टार्गेट ५० पट करून ठेवा. वरचं पद मिळतंय. अजून पाच वर्षं काढतो. संध्याकाळी बोलूच."

मी आर्थिक नियोजनाचं काम करते. 'पट' म्हणजे वर्षाच्या घरखर्चाच्या किती पट रक्कम साठवायची, तो हिशोब. त्याचा नेहमीचा आकडा २५, आणि तो हवेतून आलेला नाही. विल्यम बेंगेन या अमेरिकी नियोजकाने १९९४ साली तिथल्या बाजाराची १९२६ पासूनची आकडेवारी तपासली. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमेतले साधारण ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसे ३० वर्षं पुरतात, असं त्यात दिसलं. शंभर भागिले चार, पंचवीस.

हे गृहस्थ (ओळख पटू नये इतके तपशील मी बदललेत) यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे प्रमुख. वय ५६. आढाव्याच्या बैठकीआधी मी मागच्या वर्षाचं पान तेवढं बघते. त्या दिवशी मात्र पहिल्या पानापासून फाइल काढली.

पहिल्या फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात होतं: '२५ पट झाले की थांबणार.' खाली दोन रेघा. पुढे दोन वर्षांनी ३३ पट. ती वाढ माझी. लवकर थांबायचं तर पैसे तीसच्या ऐवजी चाळीस वर्षं पुरायला हवेत, म्हणून मी ४ टक्क्यांचे ३ केले होते. इथवर हिशोब होता. त्यानंतर ४० पट, कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'सुरक्षितता'. आणि आता ५०.

त्या दिवशी त्यांच्याकडे ४१ पट होते.

म्हणजे ज्या दिवशी हा माणूस थांबणार होता, तो दिवस केव्हाच येऊन गेला होता. त्यांना पत्ता नव्हता. मला होता, निदान असायला हवा होता. पण एकाही अहवालात मी 'आता पुरे आहे' असं लिहिलेलं नव्हतं. माझी फी जमेच्या टक्केवारीत आहे; अशील कमवत राहिला की माझीही वाढते. मी कधी जाणूनबुजून लपवलं नाही. पण गप्प राहणं मला सोयीचं होतं, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी ते आणि त्यांची पत्नी, दोघं आली. मी ४१ चा आकडा दाखवला. ते म्हणाले, "हो, पण महागाई?" महागाई धरलेली होती. "आजारपण?" तेही धरलेलं होतं. "बाजार पडला तर?" तोही पाडून बघितला होता. मग ते जरा चिडलेच. "तुम्हीच सांगता ना, जास्त असलं तर बरं?"

बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ह्यांना आकड्याची भीती नाहीये हो. सोमवारची आहे."

मला काय सुचलं कोण जाणे, मी प्रिंटरमधला कोरा कागद घेतला, आठवड्याचे सात रकाने आखले आणि त्यांच्यापुढे सरकवला. "काम सोडलंत असं धरा. सोमवार भरा." त्यांनी लिहिलं: सहा, चालायला जाणे. सात, पेपर. आठ, अंघोळ. नऊ... आणि 'मेल बघणे' असं लिहून गेले. लिहिलेलं वाचलं आणि खोडलं. मग बराच वेळ पेन नुसतं कागदावर टेकलेलं. तीन पाळ्यांचा कारखाना चालवणारा माणूस, आणि सकाळी नऊनंतर पुढे काही नाही.

आमच्या प्रशिक्षणात एक अभ्यास हमखास सांगतात. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी २२ लॉटरी विजेत्यांना प्रश्न विचारले. ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची मजा कमी झालेली. बावीसच माणसं, म्हणून मी तो फार ताणत नाही. पण त्या खोडलेल्या ओळीकडे बघताना तो आठवला.

मी विचारलं, "मॅनेजर व्हायच्या आधी संध्याकाळी काय करायचात?"

"शिकवायचो." नवे अप्रेंटिस आले की पाळी संपल्यावर तासभर त्यांना मापं घ्यायला शिकवायचे. मॅनेजर झाल्यावर ते सुटलं. "मायक्रोमीटर हातात आला की पोरगं थिंबल, म्हणजे फिरवायची मूठ, पिळतंच. नटबोल्टसारखं. मोजायचा भाग दाबला जातो, माप खोटं येतं. मागच्या रॅचेटने फिरवायचं, टिक्-टिक् ऐकू आलं की थांबायचं." बोलताना त्यांची दोन बोटं हवेत अगदी हलकी फिरत होती. "शंभरात एखादाच पहिल्या दिवशी थांबतो."

बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा ओशाळले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

सोमवार तसाच राहिला. बुधवारच्या रकान्यात, संध्याकाळी सहासमोर, त्यांनी 'मापं' एवढंच लिहिलं. पदाचं काय करायचं ते ठरलं नाही. "कळवतो," म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला. दारातून परत वळून म्हणाले, "टार्गेटचं मात्र बघा."

ते गेल्यावर अहवाल बनवायला बसले. सॉफ्टवेअरमध्ये 'पुढील वर्षाचं उद्दिष्ट' हा रकाना रिकामा सोडता येत नाही. मी ४० घातलं, गेल्या वर्षीचंच. बाजूला लाल अक्षरात आलं: 'वाढ ० टक्के. नक्की?'

'हो' दाबलं. मग माझी स्वतःची फाइल उघडली. माझं टार्गेट आजवर दोनदा वाढलं होतं. कारणाचा रकाना दोन्ही वेळा कोरा.