ओला कचरा घरातच वेगळा व्हायला हवा

शहर झपाट्याने वाढू लागले की घरे आधी उभी राहतात, पाणी आणि वीज त्यांच्या मागोमाग येते, कचऱ्याचा विचार मात्र सगळ्यांत शेवटी होतो. शहराबाहेर म्हणून निवडलेली कचराभूमी काही वर्षांतच वस्तीने वेढली जाते आणि ढीग मात्र वाढतच राहतो. मार्च २०१७ मध्ये अदिस अबाबा शहरातील कोशे येथे असा ढीग कोसळून शंभराहून अधिक माणसे गाडली गेली, आणि पुढच्याच महिन्यात कोलंबोजवळच्या मीतोटमुल्ला येथे तीसहून अधिक माणसांनी जीव गमावला. दोन्ही ठिकाणी ढिगाच्या अगदी पायथ्याशी घरे होती.

कचऱ्याविषयीच्या बहुतेक मोहिमा प्लॅस्टिकपासून सुरू होतात. प्लॅस्टिकचा प्रश्न गंभीर आहेच, तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की घरातून सुरुवात करायची तर ती ओल्या कचऱ्यापासूनच करायला हवी. कमी उत्पन्नाच्या देशांत घनकचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग जैविक असतो, आणि भाजी-फळांच्या सालींत तर तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. म्हणजे इंधन जाळून, वाहतूक कोंडीतून वाट काढत, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपण मुख्यतः पाणी वाहून नेतो. तेच पाणी कागद भिजवते, पुठ्ठा कुजवते, आणि पुन्हा वापरात येऊ शकणारी वस्तू निकामी करते. कचरा जाळून वीज करण्याचे प्रकल्पही या ओलाव्यापुढे अडखळतात, कारण उष्णतेचा मोठा वाटा पाणी आटवण्यातच खर्च होतो. पुढे हाच माल ढिगात दाबला जाऊन हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि वीस वर्षांच्या कालावधीत या वायूचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक असतो.

मी घरी कंपोस्ट करते. त्यासाठी लागते ती भोके पाडलेली एक बादली, भरपूर सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा, आणि पहिल्या वेळी थोडे तयार खत, ज्याला कंपोस्ट करणारी मंडळी विरजण म्हणतात. सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० भागांना एक भाग या प्रमाणात मिळाले की काम चांगले चालते. नत्र हिरव्या सालींतून मिळते आणि कर्ब सुक्या पानांतून, म्हणून ओल्या थरावर प्रत्येक वेळी सुका थर द्यायचा आणि अधूनमधून सगळे वरखाली करून हवा खेळू द्यायची. ओलावा योग्य आहे का, हे पाहण्यासाठी मूठभर मिश्रण दाबून बघावे. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोहोचत नाही. दोन्हींवर उपाय जवळपास सारखाच आहे : सुकी पाने वाढवावीत आणि मिश्रण हलवावे. मोठ्या ढिगात ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाणारी उष्णता रोगजंतू नष्ट करते, पण घरगुती बादली एवढी तापत नाही. म्हणून मांस-मासे तिच्यात टाकू नयेत आणि खत नीट मुरल्याशिवाय काढू नये. मुरलेल्या खताला पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो.

ओला कचरा बाजूला झाला की उरलेले काम बरेच सोपे होते. सुका माल कोरडा राहतो, त्याला भाव मिळतो, आणि कचरावेचकांना सडक्या पदार्थांत हात घालावा लागत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर, ब्लेड आणि फुटकी काच मात्र वेगळी गुंडाळून, वर खूण करूनच द्यायला हवी. ती उघडणारे हात कोणाचे तरी असतात.

अर्थात घरांनी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल तर काही महिन्यांत लोकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणे फार कठीण असते. दक्षिण कोरियाने हे काम टप्प्याटप्प्याने केले. १९९५ मध्ये पिशवीच्या आकारानुसार शुल्क आले, २००५ मध्ये अन्नकचरा थेट पुरण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून अन्नकचऱ्याला वजनाप्रमाणे पैसे आकारले जाऊ लागले. वेगळा जमा झालेला हा कचरा तेथे खत, पशुखाद्य आणि बायोगॅससाठी वापरला जातो. याउलट जेथे वाहतूक करणाऱ्या कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात, तेथे कचरा कमी आणि कोरडा झाला तर त्याचेच नुकसान होते. अशा कराराखाली नागरिकांच्या प्रबोधनावर कितीही खर्च केला तरी गाड्या भरलेल्याच राहतील, म्हणून मोबदला कचऱ्याच्या वेगळेपणाशी जोडण्याची मागणी रहिवाशांनी आवर्जून करावी.

वाढत्या शहरांत एक गोष्ट अजून हाताशी आहे, ती म्हणजे न बांधलेल्या इमारती. उभ्या राहिलेल्या इमारतीत कंपोस्टसाठी जागा शोधताना वाहनतळावरून आणि वासावरून वाद होतात, हे मी जवळून पाहिले आहे. नकाशा मंजूर होतानाच हवेशीर, पाण्याचा निचरा होणारी आणि गाडी पोहोचू शकेल अशी जागा त्यावर दाखवणे बंधनकारक केले, तर राहायला येणारे कुटुंब पहिल्या दिवसापासून ओला कचरा तेथेच नेऊन टाकेल.