रकाना क्रमांक नऊ

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. रेल्वेचा जुना फोटो कुठल्याही संग्रहातून मागवणार असाल, तर ज्या पुठ्ठ्यावर तो चिकटवलेला असतो त्या पुठ्ठ्याच्या पाठीचीही प्रत मागा. दुप्पट पैसे पडले तरी मागा. मी मागितली नाही आणि चार महिने घालवले.

माझे आजोबा बोरघाटात सांधेवाले होते, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला वाट करून देणारे. ते नोकरीला लागले तेव्हा घाटात रिव्हर्सिंग होतं. कर्जतकडून चढत आलेली गाडी डोंगराच्या कडेवरच्या सपाटीवर थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने खंडाळ्याकडे निघायची. १८६३मध्ये घाट सुरू झाला तेव्हापासून हेच चालत होतं, कारण तिथे वळण घ्यायला जागाच नव्हती. १९२९मध्ये नवा मार्ग झाला, विजेची इंजिनं आली आणि रिव्हर्सिंग संपलं. आजोबांच्या तोंडून ही जागा इतक्यांदा ऐकली होती की ती एकदा डोळ्यांनी बघायची होती, एवढंच. साठीनंतर माणसाला असले छंद लागतात.

शोधण्यात फार वेळ गेला नाही, पण एक युक्ती सांगतो. संग्रहांच्या यादीत ‘बोरघाट’ टाकून काहीच मिळत नाही. साहेब घाट लिहायचा तो जी-एच-ए-यू-टी असा, ठाण्याचं केलं होतं ‘टाना’, खोपोलीचं ‘कॅम्पुली’. त्या स्पेलिंगने शोधा, भराभर निघतात. खोपोलीचे फोटो दिसले तर सोडू नका. १८५८ ते १८६३ मुंबईची गाडी तिथेच संपायची आणि लोक पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढून खंडाळ्याला पुढची गाडी धरायचे.

मला हवा तो फोटो एका सरकारी संग्रहात सापडला. यादीत त्याचं नाव होतं ‘थळघाट, रिव्हर्सिंग स्टेशन’. थळघाटात, म्हणजे कसाऱ्याच्या घाटातही रिव्हर्सिंग होतं, त्यामुळे चूक समजण्यासारखी आहे. पण टपाल तिकिटाएवढ्या त्या चित्रातसुद्धा मागे नागफणीचं, खंडाळ्याजवळच्या त्या सुळक्याचं, टोक दिसत होतं. कर्जतच्या माणसाला नागफणी ओळखायला भिंग लागत नाही.

अर्ज दोन पानांचा. रकाना नऊ: ‘हक्कधारकाचे नाव व संमतीपत्र (जोडावे)’. फोटो १८६०च्या दशकातला, काढणाऱ्याचं नाव नाही. मी रकाना कोरा ठेवला. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, ‘अपूर्ण’ असा शेरा मारून. मग ‘अज्ञात’ लिहिलं. पुन्हा परत, आता शेरा ‘अज्ञात असल्याचा पुरावा जोडावा’. अज्ञात असल्याचा पुरावा कसा असतो, हे कुणाला ठाऊक असेल तर मला अजूनही ऐकायचं आहे.

एका मित्राचं म्हणणं, “ॲलिस ट्रेडवेलचं नाव टाकून दे, कोण बघतंय?” मोह झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने कंत्राट पुढे चालवलं, वर घाटाच्या कामाचे फोटोही काढले. बाई जबरदस्तच. पण तिचे फोटो बांधकाम चालू असतानाचे, आणि माझ्या फोटोत रुळांवर गाडी उभी. खोटं नाव लिहून ते यादीत कायमचं चिकटलं असतं, आणि एका चुकीच्या घाटाशी मी आधीच भांडत होतो. नाही लिहिलं.

मग प्रत्यक्ष गेलो. पहाटेची लोकल, तीन तास बाकावर.

“काका, कंपनीचं ना-हरकत आणा ना,” खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या.

“कुठली कंपनी?”

“फोटो कुणाच्या रेल्वेचा आहे? त्यांचं.”

मी म्हणालो, “मॅडम, ती जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. ती १९२५मध्ये सरकारने ताब्यात घेतली.”

“मग सरकारचं आणा.”

“हे ऑफिस कुणाचं आहे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलून बाहेर चहाला गेलो. त्या दिवशी मी चिडून जे बोललो ते इथे लिहीत नाही. चूक त्यांचीही नव्हती म्हणा, रकाना त्यांनी थोडाच छापला होता. कायद्याचं कुठलंही गणित लावा, दीडशे वर्षांहून जुन्या फोटोवर कुणाचा हक्क उरत नाही. हे मी एका पानावर लिहून दिलं. ते पान फायलीला लागलं आणि तिथेच राहिलं.

पुढच्या दोन खेपा ‘साहेब दौऱ्यावर’ आणि ‘साहेब मीटिंगमध्ये’ यात गेल्या. चौथ्या खेपेला मी हुशारी केली. प्रतीचा अर्ज बाजूला ठेवून नुसता मूळ फोटो बघायचा अर्ज दिला. त्याला रकाने चारच. अर्ध्या तासात फोटो टेबलावर! म्हणजे बघायला संमती लागत नाही, प्रतीला लागते. पहिल्याच दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर माझा रक्तदाब जागेवर राहिला असता.

फोटो कडांना पिवळा पडलेला, आकाश कोरं पांढरं. त्या काळी फिल्मच्या जागी काचेची प्लेट असायची, तिला निळा रंग फार लवकर लागायचा आणि आकाश पांढरंफटक उमटायचं, म्हणून त्या फोटोंत ढग सहसा नसतात. गाडीही नेहमी थांबलेलीच, कारण पळती गाडी टिपण्याइतकी त्या प्लेटची चपळाई नव्हती. ‘पहिली रेल्वे’ म्हणून खाडीवरच्या पुलावरचा जो फोटो दर १६ एप्रिलला फिरतो, तो पाठवणाऱ्यांना मी हल्ली एवढंच विचारतो: बाबा रे, १८५३ची गाडी ठाण्यालाच थांबली, खाडीपलीकडे कल्याणला रूळ गेले १८५४च्या मे महिन्यात, मग ही पुलावर पोचली कशी? उत्तर येत नाही.

फोटो परत नेताना शिपाईमामांनी पुठ्ठा सहज उलटा केला. मागे जांभळा गोल शिक्का: ‘सप्रेम भेट’, खाली १९३१ साल आणि वर त्याच संस्थेचं नाव. जिच्या खिडकीपुढे मी चार खेपा घातल्या, तिचंच.

मी मामांना म्हणालो, “मामा, दोन मिनिटं तसाच धरा,” आणि मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी शिक्का वाचला, पुन्हा वाचला आणि हसू दाबत म्हणाल्या, “म्हणजे आमचीच संमती हवी होती.” रकाना नऊमध्ये मी संस्थेचं नाव लिहिलं, संमतीवर साहेबांची सही झाली, अर्जाखालीही त्यांचीच. शुल्क मात्र डिमांड ड्राफ्टनेच. तो करताना संस्थेचं पूर्ण नाव अर्जावर आहे तसंच लिहा, माझा एक त्यापायी परत आला. प्रत मागताना टिफ फाईल मागा, बारकावे न गमावणारी, कमीत कमी सहाशे डीपीआय, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके. जेपेग देऊ करतील, नको म्हणा.

फाईल मोठी करून पाहिली त्या रात्री झोपलो नाही. सांध्याच्या दांड्याशी एक माणूस उभा आहे. धोतर, मुंडासं, एक हात दांड्यावर. हात, पाय, दांडा सगळं स्पष्ट, चेहरा तेवढा धुरकट. प्लेट उघडी असताना त्याने मान वळवली असणार, बहुतेक खालून येणाऱ्या गाडीकडे. आजोबांच्या किती तरी आधीचा माणूस, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच.

यादीतलं नाव दुरुस्त करा म्हणून नागफणीचा आताचा फोटो जोडून पत्र दिलं आहे. ‘विषय समितीपुढे ठेवला जाईल’ असं उत्तर आलं. काल पुन्हा पाहिलं. अजून थळघाटच.