दरडीखालचं गाव

टूर मॅनेजरच्या नोकरीत मुख्य काम म्हणजे माणसं मोजणं. त्या सप्टेंबरातल्या सकाळी ला रोक-गाजाकच्या धक्क्यावर बत्तीस भरायला हवे होते आणि तीस भरत होते. होडी सुटायला दहा मिनिटं.

नैऋत्य फ्रान्समधलं हे गाव म्हणजे दोर्दोन्य नदी, तिच्या काठानं जाणारा एकच रस्ता, रस्त्याला लागून घरं आणि घरांच्या पाठीशी चुनखडीचा उभा कडा. मागे सरकायला जागा नाही, म्हणून घरं एकमेकांच्या डोक्यावर चढलेली. गावाच्या टोकाला टोकदार बुरुजांचा वाडा आहे, तो आमच्या मंडळींनी सगळ्यात आधी टिपला. तो जुना नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या धाटणीत बांधलाय, हे मी सांगेपर्यंत फोटो काढून झाले होते. खरा बाराव्या शतकातला किल्ला वर कड्याच्या पोटात होता. तिकडे कोणी मान वर केली नाही.

हरवलेल्यांपैकी काकू आधी सापडल्या. चर्चजवळ एक बाग आहे. कडा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे दिवसभर तापतो, उत्तरेचा वारा अडवतो, आणि त्या उबेत इथे माड-ताडाचे भाऊबंद आणि चक्क केळी वाढतात. काकू एका केळीखाली उभ्या होत्या. "अगं, केळफूल बघ! तेल लावून चिरावं लागतं हे, नाहीतर हात काळे होतात." त्यांना हलवायला दोन मिनिटं गेली.

काका थोडं पुढे, कड्याकडे बघत. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, अर्धी नोकरी घाटरस्त्यांवर.

"इथे दरड आलीये ना?"

मी दचकले. माझ्या वहीत होतं ते, पण सांगायचं नाही असं ठरवलेलं. सुट्टीवर आलेल्यांना कशाला? त्याऐवजी मी झां तार्दची गोष्ट तयार ठेवली होती. तो याच गावचा धर्मगुरू, 1614 मध्ये गॅलिलिओला भेटून आलेला. कोणी विचारलीच नाही.

"कशावरून काका?"

"बाकी कडा काळवंडलाय, तो पट्टा बघ किती उजळ. तेवढा नंतर उघडा पडलाय."

मग सांगितलं. जानेवारी 1957, कड्याचा मोठा भाग सुटून घरांवर आला, तीन माणसं गेली.

"जानेवारी," ते म्हणाले. "म्हणजे पाणी गोठलं असणार. आपल्याकडे पावसाचं पाणी फटीत शिरून दगड सुटतो. इथे तेच पाणी बर्फ होऊन फुगतं, पाचर मारल्यासारखं." थोड्या वेळानं, "आणि लोक?"

"इथेच. पडलेली घरं जुन्यासारखीच पुन्हा बांधली."

"आपल्याकडे पुनर्वसनाचा कागद निघाला असता," काका हसले, "आणि लोक तरीही इथेच राहिले असते."

होडी अर्थातच गेली. बाकीचे तीस जण धक्क्यावर माझी वाट बघत, काही जण माझ्या नावानं बोटं मोडत. पुढच्या फेरीत जागा मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि दुपारचं जेवण गडबडलं. संध्याकाळी ऑफिसला त्याचा खुलासा लिहावा लागला, तो वेगळाच.

या सपाट तळाच्या होड्यांना गाबार म्हणतात. आताच्या नकला आहेत, इंजिनवर चालणाऱ्या. पूर्वी नदीला पुरेसं पाणी आलं की लाकूड आणि दारूची पिंपं लादून त्या खाली बोर्दोकडे जात. माल विकला की पुष्कळदा होडीच मोडून तिचं लाकूड विकत आणि नावाडी चालत घरी येत. मी हे मराठीत सांगत असताना कास्तेल्नोचा किल्ला आला. शंभर वर्षांच्या युद्धात तो बराच काळ इंग्रजांकडे, तर थोडा पुढचा बेनाकचा फ्रेंचांकडे. सगळे एका बाजूला झुकले. काका मागे वळून तो उजळ पट्टा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

काकूंनी माझी बाही ओढली. "का गं, ही माणसं केळफूल टाकून देत असतील का?"